हसणं आधी, विनोद मागून

वझलवारकाका तुमच्याशी बोलताना तुमच्याकडे बघत नाहीत. तुमच्या कपाळाच्या वर, साधारण वीतभर अंतरावर, हवेत बघतात. पहिल्यांदा भेटणारा माणूस हळूच स्वतःच्या केसांवरून हात फिरवतो. दुसऱ्यांदा भेटणारा मागे वळून बघतो. भारतातून आमच्याकडे आलेल्या माझ्या आईने तर ते गेल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, त्यांना माझ्यामागे कोणी दिसतं का?" मी तिला समजावलं की काकांच्या चष्म्यात अक्षरं उमटतात आणि ते ती वाचत असतात. आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे दिसतंच की काहीतरी."

काका मूळचे नागपूरचे. इथे मॉरिसव्हिलला आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये काढली, आणि निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक मागच्या अंगणात टोमॅटो लावतात तेव्हा यांनी चष्मे आणायला सुरुवात केली. मी त्यांना काका म्हणते, माझा नवरा निखिल त्यांना काका म्हणतो आणि आमची शाळेत जाणारी रियाही काकाच म्हणते. अमेरिकेत काका हे एक पद आहे. एकदा मिळालं की घरातल्या सगळ्या पिढ्यांना लागू होतं.

त्यांचा चष्मा लांबून चारचौघांसारखाच दिसतो. काड्या जरा जाड, एवढंच. पण आत भिंगाच्या वरच्या बाजूला हिरवी अक्षरं उमटतात. फोनवर आलेले मेसेज, रस्त्यातली वळणं, समोरचा माणूस काय बोलतोय ते, सगळं. ही अक्षरं यायला थोडा वेळ लागतो आणि तो वेळ भरून काढायला काका म्हणतात, "येऊन राहिलं, येऊन राहिलं." तुम्ही विचारा, काका, किती वाजले? काका हवेत बघतात. "येऊन राहिलं." समोर भिंतीवर घड्याळ असतं, माझ्या हातात घड्याळ असतं, पण का कोण जाणे, आम्ही सगळे थांबतो.

हा त्यांचा चौथा चष्मा. आधीचे तिन्ही ड्रॉवरमध्ये विश्रांती घेतायत. पहिला इतका तापायचा की काकांच्या कानामागे लाल पट्टे उठायचे. दुसऱ्याची अक्षरं उन्हात दिसायची नाहीत, म्हणून काका ढग आले की फिरायला निघायचे. तिसरा सारखा सांगायचा की जवळपास कोणतंही उपकरण सापडत नाही, तेही नाकावर बसलेलं असताना. चौथा चांगला आहे, फक्त तो चार्जिंगला लावला की काकांना दिसत नाही, कारण त्यांचा नंबर त्याच्यातच आहे. मग ते काकूंचा वाचायचा चष्मा लावून बसतात आणि सगळ्या जगाकडे संशयाने बघतात.

आमच्या वस्तीच्या मागे एक तळं आहे. इथल्या प्रत्येक वस्तीच्या मागे असतं. पावसाचं पाणी साठवायला खणलेलं, मधोमध कारंजं, आणि काठावर कॅनडाहून आलेली, परत जायचा विचार सोडून दिलेली जाडजूड रानबदकं. एके दिवशी काका चष्म्यात रस्ता लावून फिरायला निघाले. चष्म्याने सांगितलं, डावीकडे वळा. डावीकडे तळं होतं. काकांना ते दिसलं, हे ते स्वतः कबूल करतात. पण चष्म्याकडे नवा नकाशा असेल असं त्यांना वाटलं. निखिल धावत गेला तेव्हा काका गुडघाभर पाण्यात उभे होते आणि बदकांची एक सभा त्यांच्या निषेधार्थ काठावर जमली होती. निखिलने हात दिला. वर येताना काकांचा चेहरा एखादी स्पर्धा जिंकून आल्यासारखा होता.

"चष्म्यावर पाणी उडालं, काही झालं नाही बाप्पा," ते म्हणाले. "कंपनीने हे लिहिलंच नाही कुठे."

काकांची ही मोठी खुबी. त्यांची फजिती कधी होतच नाही. आपल्याला जी फजिती वाटते ती त्यांच्या हिशेबात चाचणी असते आणि चाचणी नेहमी यशस्वी होते.

आमच्या गणपतीतली गोष्ट घ्या. आरत्यांचं आपल्याकडे कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. पहिलं कडवं सगळे छाती काढून म्हणतात, दुसऱ्याला आवाज खाली येतो, तिसऱ्याला ओठ हलतात आणि सगळे त्या एका माणसाकडे बघतात ज्याला येतं असा समज असतो. त्या वर्षी काकांच्या चष्म्यात सगळ्या आरत्या होत्या. ते ठणठणीत आवाजात प्रत्येक अक्षर म्हणत होते आणि आम्ही निर्धास्तपणे मागून जात होतो. मधेच त्यांनी घाम पुसला. चष्म्याच्या काडीला बोट लागलं आणि आतली अक्षरं भराभर सरकायला लागली. काका मागे हटणारे नाहीत. ते पळाले. टाळ्या पळाल्या. झांजा वाजवणारा निखिल घामाघूम झाला. तेवढ्यात औषधाच्या दुकानातून मेसेज आला, आणि काकांनी त्याच चालीत, तितक्याच भक्तिभावाने म्हटलं, "युवर प्रिस्क्रिप्शन इज रेडी." मागच्या रांगेतल्या लोकांनी ते उचलून धरलं, दोनदा. आरती संपली तेव्हा कापूर अजून नीट पेटलाही नव्हता. काका म्हणाले, "एक अक्षर चुकलं नाही."

हे सगळं अधूनमधून झालं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण काका रोज संध्याकाळी यायचे. माझ्या पोळ्या तव्यावर असताना मागच्या लाकडी डेकवरून दार सरकायचं, आणि "काय म्हणता मंडळी" म्हणत ते ओट्याजवळच्या उंच स्टुलावर चढून बसायचे. मग चष्म्याची चाचणी. आम्ही बोलायचं, चष्म्याने ते लिहायचं. पण खरं बोलायचे तेच. समोरच्या घराचं गवत कोणी कापलं नाही, दहावीत असताना त्यांची सायकल कशी उतारावर सुटून थेट हेडमास्तरांच्या अंगणात शिरली, कोशिंबिरीला फोडणी हवी की नको. सायकलची गोष्ट तर इतक्यांदा झाली की ती उतारावर सुटली की निखिलची मीटिंग सुरू व्हायची. मी मुद्दाम पोळी करपवायची. रिया एकदा म्हणाली, "काका, आर यू टॉकिंग टू मी ऑर टू द सीलिंग?"

"बोथ, बेटा," काका म्हणाले आणि गोष्ट पुढे नेली.

आता शैलाकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय या चष्म्याला काही अर्थ नाही.

शैलाकाकू म्हणजे काकांची बायको. आमच्या मराठी मंडळात त्यांचं हसणं प्रसिद्ध होतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी फुरफुर होते तशी सुरुवात, आणि मग शिट्टी. दिवाळीच्या नाटकाला पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची. पडद्याच्या फटीतून नट मंडळी प्रेक्षक किती आलेत हे नंतर बघायची, आधी विचारायची, "काकू बसल्या का?" काकू हसल्या की हॉल हसतो, हा आमच्याकडचा नियम होता. मी पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिले तेव्हा आधी त्यांचीच खुर्ची शोधली. काकूंची शिट्टी झाली आणि माझं काम चांगलं आहे हे मला कळलं.

मग त्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. मशीन आली, पण काकू म्हणायच्या, "आवाज येते गं, शब्द येत नाहीत. चार माणसं बोलली की मिक्सर लावल्यासारखं होते." समोरासमोर एकच माणूस असला तर ओठ बघून त्या निभावून न्यायच्या. नाटकात मात्र त्या शेजाऱ्यांकडे बघून हसायला लागल्या. लोक हसले की आपणही हसायचं. त्यात एका वर्षी नाटकात बाप गेल्याचा प्रसंग चालू होता, स्टेजवर कोणी बोलत नव्हतं, आणि शेजारच्या माणसाला खोकला आला. तो बिचारा तोंडावर रुमाल धरून खांदे हलवत खोकला दाबत होता. काकूंना वाटलं, तो हसतोय. त्या भर शांततेत काकूंची शिट्टी झाली आणि सगळा हॉल वळून बघायला लागला.

त्यानंतर काकू आल्या नाहीत. नाटकाला नाही, हळदीकुंकवाला नाही, कुणाच्या वाढदिवसाला नाही. "मी घरीच बरी," एवढंच. कडेची खुर्ची रिकामी राहायला लागली आणि खरं सांगायचं तर आमची नाटकंही पडायला लागली.

या वर्षी तालमी सुरू झाल्या त्या दिवशी काकांनी जाहीर केलं, "या दिवाळीला शैला पहिल्या रांगेत बसून हसणार." हवेत बघूनच केलं, पण आवाजात काहीतरी होतं. कोणी चेष्टा केली नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी काकूंच्या नंबरचा तसलाच चष्मा आणला. मी म्हटलं, "काका, काकूंसाठीच होता तर इतके दिवस तुम्ही कशाला मिरवत होतात?"

"आधी मी तळ्यात जाऊन आलो न," काका म्हणाले. "ती गेली असती तं?"

रविवारी मी दोघांना पोह्यांना बोलावलं. काकू आल्या, चष्मा लावला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आमचं बोलणं उमटायला लागलं. पहिली पाच मिनिटं मजेत गेली. मग आम्ही नेहमीसारखे बोलायला लागलो, म्हणजे सगळे एकदम. निखिलने त्याच्या साहेबाचा किस्सा सांगितला, आम्ही हसलो, त्यावरून त्याला ऑफिसमधला एक मित्र आठवला, आणि त्या मित्राचे वडील आयसीयूमध्ये आहेत हे तो सांगत असताना काकू मनापासून, खळखळून हसल्या. साहेबाचा किस्सा त्यांच्यापर्यंत तेव्हा पोचला होता. आमचे चेहरे बघून काकूंना कळलं. त्यांनी चष्मा काढला, नीट मिटला आणि पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला.

"याच्यापेक्षा बहिरी बरी," त्या म्हणाल्या. "लोक निदान समजून घेतात."

काका त्या दिवशी कुणाच्याच कपाळाकडे बघत नव्हते. ते बशीत बघत होते. मला फार वाईट वाटलं. चष्म्याने एक शब्दही चुकीचा लिहिला नव्हता. फक्त उशीर केला होता.

आणि इथे आमचं मंडळ कामाला आलं. निमंत्रणात किती वाजता छापायचं यावर बैठक चालली होती. नाटक सहाला सुरू करायचं असेल तर आम्ही पाच छापतो. सहा छापलं तर लोक सातला येतात, हे सगळ्यांना माहीत आहे, लोकांनाही माहीत आहे, आणि तरी ही पद्धत बिनबोभाट चालते. आमचा दिग्दर्शक मिलिंद, मुंबईचा, म्हणाला, "यार, या वर्षी साडेचारच टाकू." काका हवेत बघत होते. "येऊन राहिलं," ते पुटपुटले. "येऊन राहिलं..." आणि ताडकन उठले.

"बाप्पा, उशीर होऊन राहिला तं आधीचं सांगायचं न."

कोणाला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. काका मंडळाचे प्रॉम्प्टर. इथे प्रत्येकाला स्टेजवर जायचं असतं, विंगेत बसून दुसऱ्याचे संवाद सांभाळायला कोणी तयार नसतं, म्हणून वर्षानुवर्षं ते काम काका करतात. त्यांचं म्हणणं असं, की गप्पांचं काय, पुढे कोण काय बोलेल हे चष्म्याला माहीत नसतं, म्हणून तो मागे पडतो. नाटकात तसं नाही. कोण काय बोलणार ते आधीच लिहिलेलं आहे. चष्म्याने ऐकायची गरजच नाही. आपण विंगेतून फोनवर बटण दाबायचं आणि प्रत्येक वाक्य त्याच्या वेळेच्या जरा आधी रवाना करायचं. "सहाला पोचायचं तं पाचला निघा," काका म्हणाले. मिलिंदने साडेचार खोडून पाच केलं आणि बैठक संपली.

काकूंना तालमीला आणायला काकांनी काय काय केलं असेल देव जाणे. पण त्या आल्या, शेवटच्या खुर्चीवर अंग चोरून बसल्या, आणि नाकावर चष्मा होता.

मी सासूबाईंचं काम करत होते. सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत येतात, मांडीवर लोणच्याची बरणी असलेली पिशवी. मुलाने फोनवर बजावलेलं असतं की विमानतळावर कशालाही नाहीच म्हणायचं. अधिकारी विचारतो, खायचं काही आणलंय का? सासूबाई पिशवी पोटाशी धरून म्हणतात, "आणलंय रे बाबा, पण मोजून आणलंय. तुला पुरायचं नाही." नाटकातलं पहिलं मोठं हसू इथे आहे. ते मिळालं तर पुढचं नाटक उभं राहतं.

अधिकाऱ्याने विचारलं. मी पिशवी पोटाशी धरली. मी तोंड उघडायच्या आत मागून शिट्टी झाली.

मी वाक्यच विसरले. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. काकूंपर्यंत माझं वाक्य माझ्याआधी पोचत होतं. काकांनी बटण उशिरा दाबून बघितलं, तर काकू सगळ्यांच्या नंतर हसल्या. मधलं काही जमेना. चष्मा कधी पटकन दाखवायचा, कधी रेंगाळायचा. मी वैतागले. विनोदी काम करणाऱ्या बाईच्या तोंडातून विनोद काढून घेणं म्हणजे काय असतं ते मी त्या दिवशी सगळ्यांना मोठ्या आवाजात सांगितलं.

"काका, टायमिंगची वाट लागते यार," मिलिंद म्हणाला. "काकूंना मागे बसवू ना."

"शैला पहिल्या रांगेत," काका म्हणाले. "नाही तं प्रॉम्प्टर दुसरा पाहा."

खोलीत एवढी माणसं होती, पण सगळ्यांना एकदम आपापले फोन बघायचे आठवले. प्रॉम्प्टर कोणालाच व्हायचं नव्हतं. काकू पहिल्या रांगेत बसणार हे ठरलं.

घरी जाताना काका मला म्हणाले, "मीनल, ती आधी हसली तं हसू दे. तू थांब जराशी." मी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. मागे पार्किंगमध्ये काकू उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "या वेळी लोक वळून पाहायला लागले न, तं मी परत बाहेर नाही निघायची. ह्यांना सांगू नको. ह्यांनी फार जीव ओतला आहे याच्यात." मग मात्र माझा राग गेला आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली.

दिवाळीचा दिवस. शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल. पाचचं छापलेलं नाटक सहाला सुरू झालं तेव्हा अर्धे लोक खुर्च्या शोधत होते आणि उरलेले चिवड्यातले शेंगदाणे. काकू मोरपंखी साडी नेसून कडेच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, नजर स्टेजच्या वीतभर वर. डाव्या विंगेत काका, गुडघ्यावर संहिता, हातात फोन, अंगठा तयार.

पहिला विनोद पडला. दुसरा पडला. कुणीतरी मुलाला "डोन्ट रन" म्हणाल्याचं स्टेजवर स्पष्ट ऐकू आलं. अधिकाऱ्याने विचारलं, "खायचं काही आणलंय का?"

मी पिशवी पोटाशी धरली. आणि काकूंची फुरफुर सुरू झाली.

हॉल वळला. सगळा हॉल. मी काकूंकडे बघितलं, त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, आणि मला काकांचं वाक्य आठवलं. मी थांबले. पिशवी आणखी घट्ट धरली, अधिकाऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, मग पिशवीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. काकूंना आता काय येणार ते माहीत होतं आणि माझा तो चेहरा बघून त्यांना आवरेना. शिट्टी झाली. त्या हसण्यानेच दुसरी रांग हसली, दुसरीमुळे तिसरी. या बाईला एवढं काय दिसलं म्हणून लोक खुर्चीत पुढे सरकले, शेंगदाणे शोधणारे थांबले. आणि तेव्हा मी म्हटलं, "आणलंय रे बाबा, पण मोजून आणलंय. तुला पुरायचं नाही."

छत उडालं, दुसरा शब्द नाही.

त्यानंतर आमच्या हॉलला एक नवीच सवय लागली. काकूंची फुरफुर झाली की लोक सावध व्हायचे, आता काहीतरी येतंय म्हणून आधीच तोंड पसरून बसायचे, आणि आम्ही ते वाक्य आणून द्यायचो. मिलिंद उजव्या विंगेत नाचत होता. ज्या विनोदांवर तालमीत आम्हाला स्वतःला हसू आलं नव्हतं त्यांनाही टाळ्या पडल्या. काकू पहिल्या रांगेतून नाटक चालवत होत्या.

शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता. सासूबाई परत निघतात. मुलगा गाडी काढायला गेलेला. घरात कोणी नाही. त्या पिशवीतून लोणच्याची बरणी काढतात, टेबलावर ठेवतात, झाकण पुसतात आणि बसून राहतात. एकही संवाद नाही. मी बरणी ठेवली आणि मला आठवलं, असल्याच शांततेत काकू मागे हसल्या होत्या. मी चोरून बघितलं. काकूंची नजर वर होती. त्यांनी काहीतरी वाचलं, आणि मग नजर खाली आणून सरळ माझ्याकडे बघितलं. थोड्या वेळाने त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पडदा पडला तेव्हा लोक उभे राहिले होते.

नंतर काकूंभोवती ही गर्दी. माझ्या कामाचं कौतुक करायला आलेले लोकसुद्धा आधी त्यांच्याकडे जाऊन येत होते. काकू चष्म्यातून सगळ्यांचं वाचत होत्या, उशिरा उत्तरं देत होत्या, आणि लोक आनंदाने थांबत होते. गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला जवळ ओढलं.

"बरणीच्या वेळी ह्यांनी काय लिहून पाठवलं माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "'आता कोणी बोलून नाही राहिलं. नुसतं पाहा.' संहितेत नाही न हे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"शांत आहे हे मला कोणी सांगतच नाही गं," काकू म्हणाल्या. "सगळे बोललेलंच सांगतात."

विंगेत काका वायरी गुंडाळत होते. मी त्यांना नाटक कसं झालं विचारलं. ते म्हणाले, "एक अक्षर चुकलं नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि डेकचं दार सरकलं नाही. दमले असतील, असं आम्ही म्हटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. निखिलने जेवताना दोनदा दाराकडे बघितलं. स्टुलावर कोणी बसलं नाही, सायकल उतारावर सुटली नाही, जेवण पंधरा मिनिटांत आटपलं आणि मग काय करायचं ते आम्हाला सुचेना. रियाने विचारलं, "इज काका मॅड अ‍ॅट अस?"

काकू माझ्याकडे नाटकासाठी दिलेली त्यांची शाल न्यायला आल्या तेव्हा मी त्यांनाच विचारलं. त्यांनी माझ्या कपाळाच्या वर बघून प्रश्न वाचला आणि जरा हसल्या.

"घरी बोलायची सोयच नव्हती न त्यांना," त्या म्हणाल्या. "ते काही बोलायचे, मी 'काय?' म्हणायची. पुन्हा 'काय?' तिसऱ्यांदा विचारलं की ते म्हणायचे, 'काही नाही.' आमच्या घरात सगळ्यात जास्त हेच बोललं जायचं. मग सगळं साठवून तुमच्याकडे घेऊन यायचे. तुम्ही ऐकलंत, हे मी विसरणार नाही."

मला पोळ्या करपवलेल्या आठवल्या.

त्या संध्याकाळी चार गरम पोळ्या जास्त केल्या आणि डब्यात घालून मागच्या डेकवरून त्यांच्याकडे गेले. काचेच्या दारातून आतलं टेबल दिसत होतं. काकांच्या नाकावर काकूंचा वाचायचा चष्मा होता, म्हणजे त्यांचा चार्जिंगला लावलेला असणार. दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे केलेले, अंग एका बाजूला झुकलेलं. सायकल उतारावर सुटली होती. आता ती हेडमास्तरांच्या अंगणात शिरणार हे मला पाठ होतं. ती शिरली. काकांनी हात खाली घेतले आणि ते गप्प झाले.

काकू त्यांच्या कपाळाच्या वर हवेत बघत होत्या. अजून चेहऱ्यावर काही नव्हतं. काका मात्र सरळ काकूंच्या तोंडाकडे बघत होते, पापणी न हलवता. मी दारावर टकटक करायला उचललेला हात तसाच राहिला. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण त्यांचे ओठ मला दिसले. ते अगदी हळू म्हणत होते, येऊन राहिलं, येऊन राहिलं.

आणि मग काकूंची फुरफुर सुरू झाली.